भाचा गळ्यावर गोंदून आलाय: कशाची काळजी करायची, कशाची नाही

प्रश्न थोडक्यात असा. अमळनेरच्या एका ताईंचा भाचा, वय २४, पुण्यात नोकरीला. घरच्या लग्नाला आला तेव्हा गळ्याच्या डाव्या बाजूला मोठा काळा टॅटू, दोन्ही कानांच्या पाळ्यांत १२ मिलिमीटरचे टनेल, म्हणजे भोक रुंद ठेवणाऱ्या पोकळ नळ्या, आणि खालच्या ओठात कडी. पुढच्या वर्षी जीभ टोकापासून दुभागून घ्यायची म्हणतो. आजोबांनी त्याला पाहुण्यांसमोर येऊ नकोस म्हणून सांगितलं. गल्लीत ‘पोऱ्या वाया गया’ झालं. धाकटा भाऊ सतरा वर्षांचा, भरतीसाठी रोज पहाटे धावतो. त्यालाही उजव्या हातावर तसंच काही हवंय. ताई विचारतात, हे वेड आहे का? आणि यातलं किती पुसता येईल?

ताई, सुरुवात जिभेपासून करू. भाच्याबद्दल तुम्ही लिहिलेल्या यादीत घाईने थांबवण्यासारखी गोष्ट तेवढीच आहे. बाकीचं झालेलं आहे, त्याला वेळ आहे.

जीभ म्हणजे जवळजवळ सगळा स्नायू. तिच्या दोन्ही बाजूंनी एकेक मोठी रक्तवाहिनी जाते. मधल्या रेषेत रक्तवाहिन्या कमी असतात, म्हणून ‘मधून कापलं तर काही होत नाही’ असं हे करणारे सांगतात. रेष थोडी चुकली किंवा काप मागे सरकला की रक्त थांबवणं अवघड होतं. त्याहून मोठी भीती सुजेची. जिभेखालचा भाग सुजला की जीभ वर आणि मागे ढकलली जाते आणि श्वासाची वाट अडते. हे रात्री दोन वाजता घडलं तर टॅटूच्या दुकानात ना ऑक्सिजन, ना श्वासनलिकेत नळी घालणारा माणूस. चव आणि स्पर्श सांगणाऱ्या नसा दुखावल्या तर त्या पूर्ववत होतीलच असं नाही. उच्चारांचंही तसंच. ल, र, ळ, ट, ड हे सगळे टोकाच्या हालचालीवर उभे आहेत. काही जण सरावाने पुन्हा स्पष्ट बोलतात, काहींचं बोबडं राहतं. पुन्हा जोडायची म्हटली तर दोन्ही कडा ताज्या कापून थरांमध्ये टाके घालावे लागतात आणि जखमेचा घट्टपणा मध्ये राहतोच.

कायद्याची बाजूही त्याला सरळ सांगा. ही शस्त्रक्रिया आहे आणि आपल्याकडे शस्त्रक्रिया फक्त नोंदणीकृत डॉक्टरनेच करायची. भुलीचं इंजेक्शन देण्याचा अधिकारही टॅटू काढणाऱ्याला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला टॅटूच्या दुकानात जिभा दुभागल्याबद्दल अटक झाली. इंग्लंडमध्ये २०१८ साली अपील न्यायालयाने असाच निर्णय दिला: जीभ दुभागणं, कान काढून टाकणं अशा कामांत गिऱ्हाइकाची संमती होती, हा बचाव चालणार नाही.

त्याच्याशी बोलताना ‘घाण दिसेल’ म्हणू नका. त्याला ते छान दिसतंय, म्हणून तर त्याला ते हवंय. विचारा की करणारा कोण, शिकलाय काय, रक्त थांबलं नाही तर कोणत्या दवाखान्यात नेणार, आणि तसं लिहून देतो का. या चार प्रश्नांना उत्तर मिळत नाही हे त्याला स्वतःलाच दिसेल. डोळ्याच्या पांढऱ्या भागात शाई भरण्याचं वेड त्याच ओळीत बसतं. तिथला पडदा जेमतेम मिलिमीटरभर जाड असतो. सुई पार गेली की दृष्टी जाते, आणि भरलेली शाई कोणालाही काढता येत नाही. हाही विषय निघाला तर तितक्याच ठामपणे नाही म्हणा.

आता ‘वेड आहे का’. नाही. टॅटू, कड्या, रुंद केलेली भोकं हे मानसिक आजाराचं लक्षण नाही. ज्यावर लक्ष ठेवायचं ते वेगळं असतं. माणूस तासन्‌तास आरशापुढे उभा राहून इतरांना न दिसणाऱ्या एखाद्या व्यंगाने हैराण होतो, एक काम झालं की समाधान न होता लगेच दुसरं काढतो, घराबाहेर पडेनासा होतो. किंवा तो स्वतःला लपूनछपून कापतो, चटके देतो आणि पूर्ण बाह्या घालून ते झाकतो. टॅटू दाखवायला काढतात, ते व्रण लपवायला असतात; हा फरक घरातल्या माणसाला लगेच ओळखू येतो. अशी चिन्हं असतील तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. तो सरकारी आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तुम्ही लिहिलंय त्यात असं काही दिसत नाही. मुलगा नोकरी करतोय, लग्नाला आलाय, घरच्यांशी बोलतोय.

मग ‘वाया गया’ कुठून आलं? ताई, तुमच्याच घरातल्या जुन्या बायकांचे हात आठवा. कपाळावर टिकली, हनुवटीवर ठिपका, मनगटापासून कोपरापर्यंत तुळस, विंचू, सीतेची पावलं, भावाचं नाव. गोंदणारीण दारात यायची, दिव्याची काजळी पाल्याच्या रसात कालवायची आणि दोरा गुंडाळलेल्या तीन-चार सुयांनी टोचायची. मेल्यावर सोबत येतं ते एवढंच, असं म्हणत मुली रडत गोंदून घ्यायच्या. ती काजळी आणि भाच्याच्या गळ्यातली शाई, दोन्ही मुळात कार्बन. दोन्ही त्वचेच्या खालच्या थरात, सुमारे एक ते दोन मिलिमीटर खोल बसतात. तिथे शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी तिला गिळतात, पचवू शकत नाहीत आणि तिथेच बसून राहतात. म्हणून गोंदण जन्मभर टिकतं. खोलवरच्या काळ्या रंगावरून प्रकाश विखरून निळसर भाग वर येतो, म्हणून आजीचं गोंदण हिरवट-निळं दिसतं. पंचवीस वर्षांनी भाच्याचंही तसंच दिसेल.

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे गेलात तर भिल्ल आणि पावरा बायकांच्या चेहऱ्यावर गोंदण दिसेल. बाळाचं बारशाच्या आसपास सोनाराकडून कान टोचणं, मुलीचं नाक टोचणं, जड बाळ्यांनी लांबलेली कानाची पाळी, हे सगळं शरीर बदलणंच आहे. फरक एवढाच की ते गावाने ठरवलेलं होतं आणि हे मुलाने एकट्याने ठरवलंय. आजोबांना टोचतंय ते हेच, शाई नाही. त्याचा त्यांना राग असू शकतो, तो खरा आहे, त्यावर बोलता येतं. पण त्यासाठी मुलाला ‘मवाली’ हे नाव देणं चूक आहे.

उलट, परंपरेच्या नावाने चाललेली एक गोष्ट मात्र खरोखर थांबवण्याजोगी आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात, मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देतात. त्यात बाळाची ना संमती, ना फायदा. जखम पिकून रक्तात जंतू गेले तर बाळ दगावतं. शरीरावरच्या खुणेकडे बघायचंच असेल तर हे विचारावं: कोणाच्या इच्छेने, कोणत्या वयात, कोणाच्या हाताने, कशाने. भाच्याच्या गळ्यापेक्षा त्या बाळाच्या पोटाकडे बघून आपण जास्त अस्वस्थ व्हायला हवं.

गोंदलेला माणूस गुन्हेगार, या समजुतीला शास्त्राचं सोंगही चढवलं गेलं. इटलीतला डॉक्टर चेझारे लोंब्रोसो याने १८७६ मध्ये जन्मजात गुन्हेगार अंगावरून ओळखता येतो असं मांडलं. कपाळ, जबडा, कान यांची ठेवण त्याने सांगितली आणि गोंदणही त्या खुणांत धरलं. १९१३ मध्ये चार्ल्स गोरिंग या इंग्रज डॉक्टरने सुमारे ३००० कैद्यांची मापं घेऊन ती इतर लोकांच्या मापांशी ताडली. असा वेगळा शारीरिक नमुना त्याला सापडला नाही. आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि माणसं जन्मावरून गुन्हेगार ठरवली. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पारध्यांकडे बघण्याची नजर मात्र आपल्या गावांत अजून तीच आहे.

ही नजर कुठवर जाते ते धुळे जिल्ह्याला सांगायला नको. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा मोबाईलवरून फिरत होत्या. सोलापूर भागातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत फिरत होते. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही गेले. त्यांच्याविरुद्ध पुरावा काय होता? अनोळखी चेहरे आणि वेगळा पेहराव. भाच्याला पाहून गल्लीतल्या दोघांनी नाक मुरडणं आणि राईनपाडा यांत फार मोठं अंतर आहे, हे मान्य. पण तर्क एकच आहे: असा दिसतो, म्हणजे असा असणार. म्हणून तो तर्क घरात, ओट्यावर, लहान मुलांसमोर बोलला जातो तिथेच अडवायचा.

आता पुसण्याचं. पण त्याने मागितलं तरच. त्याच्या अंगाचा निर्णय घरच्यांनी घ्यायचा नाही.

ओठातली कडी सगळ्यात सोपी. काढून ठेवली की भोक काही आठवड्यांत आखडतं, बारीक खळी राहते. कडी आहे तोवर समोरच्या खालच्या दातांची हिरडी वर्षातून दोनदा दंतवैद्याला दाखवायला हवी. धातू घासून हिरडी खाली सरकते आणि ती परत वर येत नाही. दातांचा टवका उडणंही नेहमीचं. काठाला खाज, पाणी, लाली असेल तर कडीतल्या निकेलची अ‍ॅलर्जी असू शकते. तसं असेल तर इम्प्लांट दर्जाच्या टायटॅनियमची कडी घातली की थांबते.

कानाचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे बहुतेक जण घाई करतात. साध्या सव्वा मिलिमीटरच्या भोकावरून सुरुवात झाली की पायऱ्या साधारण अशा: १.६, २, २.४, ३.२, ४, ५, ६, ८, १०, १२. प्रत्येक पायरीनंतर दीड-दोन महिने थांबायचं, मोठ्या मापांना त्याहून जास्त. म्हणजे नीट केलं तर १२ वर पोचायला दीड वर्ष लागतंच. तो सहा महिन्यांत पोचला असेल तर पाळीच्या मागच्या बाजूला बघा. आतली कातडी मुरड घालून बाहेर आली असेल, किंवा पाळीचा खालचा काठ दोऱ्यासारखा पातळ झाला असेल. दोन्हींत एकच उपाय: टनेल काढा, दोन-तीन माप खाली या, आंघोळीनंतर रोज पाच मिनिटं तेलाने चोळा आणि पुढचे काही महिने वाढवू नका. पू असेल तर मात्र तेल नाही, डॉक्टर. आणि टेपर म्हणजे ती निमुळती सळी दागिन्यासारखी कायम घालून ठेवायची नसते. जड असल्याने ती पाळीचा खालचा काठच खाते.

बंद करायचं म्हटलं तर साधारण ८ मिलिमीटरपर्यंतचं भोक बऱ्याच जणांचं आपोआप बारीक होतं. १२ चं पूर्ण मिटेल याची खात्री देता येत नाही. तीन-चार महिने रिकामं ठेवून बघायचं. राहिलंच तर पाळी दुरुस्तीची शस्त्रक्रिया आहे. जागेवरच भूल, भोकाच्या कडा ताज्या करायच्या, जादा कातडी काढायची, थरांत टाके, अर्धा-पाऊण तास. टाके सात ते दहा दिवसांनी निघतात. पुन्हा टोचायचं तर निदान तीन महिन्यांनी आणि व्रणाच्या शेजारी, व्रणावर नाही. ताई, आपल्या भागात ही शस्त्रक्रिया जास्त करून कोणाची होते माहीत आहे? जड झुमके घालून पाळी ओघळलेल्या किंवा फाटलेल्या मावश्या-आज्यांची. त्यांना कोणी वाया गेल्या म्हणत नाही. कानावर, छातीवर, खांद्यावर आधीच जाड फुगीर व्रण उठत असेल तर शस्त्रक्रियेआधी तो डॉक्टरांना जरूर दाखवा. त्या प्रकृतीत टाक्यांवरही तसाच व्रण उठतो.

कानाच्या वरच्या कडक भागात, म्हणजे कूर्चेत टोचायचं असेल तर दुकानातली बंदूक नकोच. ती टोचत नाही, चेपते. कूर्चेला रक्तपुरवठा कमी, तिथे जंतू शिरले तर कान वितळल्यासारखा होऊन आकार जातो. पोकळ, निर्जंतुक सुईनेच टोचायचं. पाळी दोन महिन्यांत बरी होते, कूर्चेला सहा महिने ते वर्ष लागतं.

गळ्यावरचा काळा टॅटू लेझरने पुष्कळ फिका होतो. काळ्या रंगाला क्यू-स्विच्ड एनडी-याग लेझर, १०६४ नॅनोमीटरचा. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला तोच त्यातल्या त्यात सुरक्षित, कारण त्वचेचा स्वतःचा रंग तो कमी शोषतो. लाल शाईला ५३२ लागतो, त्यात पांढरे डाग पडण्याचा धोका जास्त. हिरवा-निळा हट्टी असतो, त्याला वेगळी मशीन हवी. पांढरी आणि अंगाच्या रंगाची शाई लेझरने उलट काळी पडते, म्हणून आधी कोपऱ्यावर एक छोटा ठिपका मारून बघायचा. व्यावसायिक टॅटूला सहा ते बारा सिटिंग लागू शकतात, दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवड्यांचं अंतर. लेझर शाई जाळत नाही. तिचे बारीक तुकडे करतो आणि मग शरीर ते हळूहळू वाहून नेतं. ‘पंधरा दिवसांनी या’ म्हणणारा तुमचा पैसा आणि त्याची त्वचा दोन्ही घालवतो. आजीचं काजळीचं गोंदण मात्र शाई कमी असल्याने बऱ्याचदा थोड्या सिटिंगमध्ये जातं.

घरचे उपाय करू देऊ नका. चुना, मीठ घासणं, ॲसिड, आणि आपल्याकडचा सगळ्यात वाईट म्हणजे बिब्बा. बिब्ब्याच्या तेलाने त्वचा भाजते, फोड येतात, शाई तिथेच राहते आणि वर जाड व्रण उठतो. त्यानंतर लेझरही नीट चालत नाही.

धाकट्याचं कामही निकडीचं, आणि त्याच्या बाबतीत मी सरळ नाही म्हणेन. कारण संस्कार नाही, नियम. सैन्यदलात कायमचा टॅटू हाताच्या आतल्या बाजूला, कोपर ते मनगट, आणि तळहाताच्या मागे चालतो. सीआरपीएफ, बीएसएफ यांसारख्या केंद्रीय दलांत मात्र डाव्या हाताच्या आतल्या बाजूला किंवा पंज्याच्या मागे, कारण उजवा हात सॅल्यूटचा. आकार त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा कमी हवा, आणि विषय धार्मिक चिन्ह किंवा नाव. म्हणजे उजव्या हातावर त्याने मोठा टॅटू काढला तर एका झटक्यात अर्धे दरवाजे बंद. पुसायचं म्हटलं तर आठ सिटिंग, मधली सात अंतरं, प्रत्येकी आठ आठवडे: ५६ आठवडे. अग्निवीरची वयाची खिडकी मोजक्या वर्षांची. वर्ष त्यातच गेलं. आदिवासी उमेदवारांच्या चेहऱ्यावर किंवा अंगावर रूढीप्रमाणे असलेल्या गोंदणाला सैन्यदल प्रकरणानुसार परवानगी देतं. नंदुरबारकडच्या पोरांना हे बऱ्याचदा माहीतच नसतं, आणि ती भरतीला जायच्या आधीच माघार घेतात. ओळखीत कोणी असेल तर जरूर सांगा.

अठरा पूर्ण झाल्यावर आणि भरतीचा निकाल लागल्यावर त्याला काढायचाच असेल तर कुठे काढतो हे महत्त्वाचं. सारंगखेड्यासारख्या यात्रेत रस्त्याकडेला बॅटरीवरच्या मशीनने, एकाच सुईने, एकाच वाटीतल्या शाईने दिवसभर माणसं गोंदली जातात. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पसरायला एवढं पुरेसं आहे. सुई स्पिरिटने पुसून किंवा उकळून भागत नाही. दुकानात बघायचं ते असं: सुई तुमच्यासमोर बंद पाकिटातून निघते का, शाई छोट्या वेगळ्या टोपणात ओतून उरलेली फेकतात का, शाई पातळ करायला नळाचं पाणी तर वापरत नाहीत ना, हातमोजे मध्येच फोन उचलून मळवत नाहीत ना. धातूची पुन्हा वापरायची साधनं असतील तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र हवं, १२१ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं. हिपॅटायटिस बीची लस आधीच घ्यावी: आज, एका महिन्याने, सहा महिन्यांनी. टॅटूनंतर रक्तपेढी साधारण वर्षभर रक्त घेत नाही, हेही लक्षात असू द्या. नंतर दिवसातून दोनदा साध्या साबणाने धुवायचं, मलम पातळ लावायचं, हळद-खोबरेलाचा लेप नको. खपली ओढायची नाही. तीन आठवडे विहिरीत किंवा तापीत पोहणं नाही. कपाशीवर फवारणी, केळीच्या बागेत चिकाचं काम, हेही त्या काळात दुसऱ्याने करावं. औषध उघड्या जखमेतून अंगात जातं आणि चीक जखमेला आग लावतो.

भाच्याने कुठे काढला ते विचारून घ्या. जागा संशयास्पद वाटली तर तीन महिने झाल्यावर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही अशा तीन तपासण्या करायच्या. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे रक्ततपासणीही होते आणि त्वचाही दाखवता येते.

पाहुण्यांचं म्हणाल तर त्याला पंगतीत वाढायला लावा. लपवलेल्या माणसाबद्दलच लोक जास्त बोलतात; ज्याच्या हातचं वरण-भात खाल्लं त्याच्याबद्दल दोन दिवस बोलून गप्प होतात. कोणी विचारलंच तर ‘त्याची हौस आहे, पुण्यात नोकरी करतो’ एवढं पुरे. आजोबांना समजावायला तुम्ही बसू नका, त्यालाच त्यांच्या शेजारी बसवा. आणि काढलं तेव्हा दुखलं का, एवढं त्यांनी त्याला विचारलं तरी बोलणं सुरू होईल.

तो स्वतःहून लेझरचं म्हणाला तर पहिलं सिटिंग दिवाळीनंतर घ्या. भुसावळ-जळगावचं मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांचं ऊन लेझर केलेल्या गळ्यावर पडलं की काळे डाग उठतात, आणि ते जायला मूळ टॅटूइतकाच धीर लागतो. थंडीत तीन सिटिंग होतात. मार्चपासून गळ्याला सुती रुमाल आणि सनस्क्रीन, एप्रिल-मे सुट्टी, पावसाळ्यात पुन्हा सुरू.